दुखतं म्हणजे कसं दुखतं?

आमच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात कापडदुकानाची एक जुनी पिशवी आहे. तिच्यात माझ्या उजव्या मनगटाचे सात एक्स-रे आहेत. पहिला ऑगस्ट २०१९चा, शेवटचा डिसेंबर २०२२चा. पहिल्यात हाड मोडलेलं कुणालाही दिसेल. तिसऱ्यापासून पुढचे सगळे चांगले. दर वेळी डॉक्टर एक्स-रे उजेडावर धरायचे आणि म्हणायचे, "छान जुळलंय की! आता दुखायचं काही कारण नाही." मी समोर बसलेली असायची ती हात पदराखाली झाकून, कारण पंख्याचा वारा लागला तरी तो हात मला सोसायचा नाही.

आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, म्हणजे धोक्याच्या पातळीच्या १२ फूट वर. आमच्या स्वयंपाकघरात छातीएवढं पाणी होतं. आम्ही विश्रामबागेत नणंदेकडे होतो. पाणी ओसरल्यावर घर उघडलं तर फरशीवर वीतभर गाळ. पुराचा गाळ ज्यांनी काढलाय त्यांना ठाऊक आहे, तो चिखलासारखा पायाला चिकटत नाही, तेलासारखा निसटतो. तिसऱ्या दिवशी खराट्याने गाळ लोटताना पाय गेला आणि पडता पडता उजवा हात टेकला. आवाज मला ऐकू आला. मनगट बघितलं तर काटा-चमच्यातला काटा उपडा ठेवल्यावर दिसतो तसं वाकलेलं.

त्या आठवड्यात सगळं शहरच दवाखान्यात होतं. कुणाला साप चावलेला, कुणाला जुलाब, कुणी भिंतीखाली सापडलेलं. माझं हाड भूल देऊन बसवलं, प्लॅस्टर घातलं, सहा आठवडे सांगितले. चौथ्या दिवशी बोटं टम्म सुजली, नखं निळसर झाली, आणि आत अशी आग सुरू झाली की रात्रभर मी हात उशीवर उंच धरून बसून काढली. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. "सूज उतरली की सैल होईल," असं उत्तर मिळालं. माझा त्या माणसांवर आज राग नाही, त्यांच्या स्वतःच्या घरातही पाणी होतं. पण एक गोष्ट ज्यांच्या घरात आत्ता कुणाच्या हाताला प्लॅस्टर आहे त्यांनी ऐकावी. पहिल्या आठवड्यात दुखणं उतरायच्या ऐवजी चढत असेल, दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे तर पाचाच्या वरच राहत असेल, प्लॅस्टर आवळत असेल, बोटं निळी किंवा बधिर होत असतील, तर सकाळची वाट बघू नका. तेव्हाच परत जा आणि प्लॅस्टर सोडवून बघायला लावा. हे मला कळायला चार वर्षं लागली.

प्लॅस्टर काढलं तेव्हा आतून निघालेला हात माझा वाटेना. कातडं चकचकीत, ताणलेलं, त्यावर लव जास्त वाढलेली. तळवा घामाने ओला, डावा मात्र कोरडा. नखांवर उभ्या रेघा. बोटं अर्धीच मिटायची. सगळ्यांनी सांगितलं, इतके दिवस बांधून ठेवल्यावर असं होतंच, होईल हळूहळू. मीही तेच धरून चालले. डिसेंबरात व्यायाम सुरू केले, घरचं सगळं सांभाळून जमेल तसं जायचं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि ते बंद पडलं ते पडलंच.

माझा धंदा डब्यांचा. पुराआधी शिकायला आलेल्या मुलांचे आणि एकट्या राहणाऱ्या माणसांचे मिळून चाळीस डबे जायचे. त्यात ज्वारीची भाकरी रोज. भाकरी बघायला सोपी वाटते, पण सगळा भार मनगटावर. आधणाच्या पाण्यात पीठ भिजवायचं, तळव्याच्या टाचेने रगडून मळायचं, परातीत गोल फिरवत थापायचं. भाकरी तव्यावर पडली की ओल्या बोटांनी वरून पाणी फिरवायचं. आयुष्यात लाखभर भाकऱ्या केल्या असतील, ते पाणी फिरवताना कधी चटका जाणवला नव्हता. आता तव्याची नुसती धग लागली की हात आपोआप मागे यायचा. थापताना तर परातीत काचा पसरल्यात असं वाटायचं. आधी दहा भाकऱ्यांनंतर थांबावं लागलं, मग चार, मग हाताखाली बाई ठेवली. डबे चाळिसावरून चौदावर आले.

या सगळ्या वर्षांत मी काय काय केलं ते लांबण न लावता सांगते. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या, तीन तऱ्हेचे पट्टे, मालिश, एका हाडवैद्याचा लेप, मिठाच्या पुरचुंडीचा शेक. बर्फही लावला, आणि तो फार महागात पडला. बर्फानंतर हात काळानिळा पडून दोन दिवस ओरडायचा. नसांची तपासणी केली, तीही ठीक आली. शेजारच्या काकू म्हणायच्या, "हाड एकदा मोडलं की मोडलंच गं, पावसाळ्यात ठणकायचंच ते." एका डॉक्टरांनी आमच्या ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं की पुरात नुकसान झालंय, वहिनींनी मनाला लावून घेतलंय. ह्यांनी मला कधी वावगा शब्द काढला नाही. पण त्या दिवसापासून मी "दुखतंय" म्हटलं की त्यांचा चेहरा काळजीचा व्हायचा, आणि ती काळजी हाताची नसायची, माझ्या डोक्याची असायची. ते मला हाताच्या आगीपेक्षा जास्त लागलं.

आणि बांगड्या. उजव्या हातात बांगडी घालता येईना. काचेची नाही, सोन्याचीही नाही. बांगडी मनगटावर सरकली की तिच्या वाटेवर कुणी कातडं सोलत गेल्यासारखं व्हायचं. एकदा श्रावणात हट्टाने कासाराकडे गेले. बांगडी चढवायची म्हणजे हात दाबून अंगठ्याचा उंचवटा आत घ्यावा लागतो. कासारीणबाईंनी हात हातात घेतला आणि मी किंचाळले. दुकानातल्या सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. त्यानंतर हळदीकुंकवाला गेलं की डाव्या हातात बांगड्या आणि उजवा हात मोकळा. सवाष्णीचा हात मोकळा का, हे कुणी विचारायचं, कुणी नुसतं बघायचं. पुढे मी जाणंच सोडलं.

जानेवारी २०२४मध्ये मोठ्या जाऊबाईंच्या पाठीच्या दुखण्यासाठी आम्ही मिरजेला एका वेदना-चिकित्सा करणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. अशा डॉक्टरांना लोक पेन क्लिनिकवाले म्हणतात. बरेचसे मूळचे भूलतज्ज्ञ असतात, हे मला तिथे कळलं. जाऊबाईंचं झाल्यावर डॉक्टरांची नजर माझ्या हाताकडे गेली. थंडीचे दिवस होते, आणि मी फक्त उजव्या हातात लोकरीचा मोजा घातला होता. त्यांनी विचारलं, मी नेहमीसारखं सांगितलं, की मनगट मोडलं होतं, जुळलंय, पण दुखतं.

ते म्हणाले, "काकू, दुखतं म्हणजे कसं दुखतं?"

साडेचार वर्षांत मला सगळ्यांनी "कुठं दुखतं" एवढंच विचारलं होतं. मी बोट दाखवायची, ते एक्स-रे बघायचे. कसं दुखतं, हे विचारणारा हा पहिला माणूस.

आपल्याकडे दुखण्याला शब्दांची काही वाण नाही! डोकं ठणकतं, गळू ठसठसतं, कुशीत चमक निघते, पाठीत उसण भरते, पोटात मुरडा येतो, जखमेवर मीठ पडलं की चरचरतं. यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही, लहान पोरालाही ते बरोबर कळतं. आणि मी इतकी वर्षं दवाखान्याची पायरी चढताना हे सगळे शब्द घरी ठेवून फक्त "दुखतं" घेऊन जात होते. त्या दिवशी मी सांगितलं, "डॉक्टर, डंकावर चटणी कुटून आणल्यावर ती डब्यात भरताना हात भगभगतात ना, तसा हा हात भगभगतो, दिवसरात्र. मधेच अंगठ्यापासून कोपरापर्यंत करंट मारल्यासारखी चमक जाते. पहाटे बर्फात बुडवल्यासारखा गार पडतो आणि त्या गारव्यानंच दुखतो. मुंग्या तर कायमच्या. पण ठणका नाही. हाडात दुखतच नाही मला. कातड्यात दुखतं."

त्यांनी ते सगळं कागदावर उतरवून घेतलं. भगभग, चमक, गार, मुंग्या हे शब्द मराठीतच लिहिलेले मी माझ्या डोळ्यांनी बघितले. मग म्हणाले की नसांचं दुखणं ओळखायला दहा प्रश्नांची एक साधी तपासणी आहे. आग होते का, गारठून दुखतं का, करंट लागतो का, मुंग्या, टोचणी, बधिरपणा, खाज, असे सात प्रश्न रुग्णाला विचारायचे, आणि उरलेल्या तीन गोष्टी हातावर तपासायच्या. चार गुण मिळाले तरी नसांच्या दुखण्याची दाट शक्यता. माझे सात झाले. मऊ ब्रश त्यांनी मनगटावरून फिरवला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. तोच ब्रश डाव्या हातावर मोरपिसासारखा लागला होता.

मग दोन्ही हात शेजारी ठेवून त्यांनी स्वतःच्या हाताच्या पालथ्या बाजूने गारवा-ऊब पाहिली, नखं पाहिली, घाम पाहिला, मुठी आवळायला लावल्या. त्यांनी जे नाव सांगितलं ते इंग्रजी आहे, कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम, सगळे आद्याक्षरांनीच ओळखतात, सीआरपीएस. हाड मोडल्यावर किंवा मार लागल्यावर एखाद्याच अवयवात नसांचा कारभार बिघडतो आणि जखम भरली तरी तो पूर्वपदावर येत नाही. बायकांत हे जास्त, हातात जास्त, आणि मनगट मोडल्यानंतर तर खूपदा. एक्स-रेवर किंवा रक्तात हे पकडणारी एकच एक तपासणी नाही. २००३ साली बुडापेस्टला तज्ज्ञांनी बसून याच्या खुणा ठरवल्या, त्यांचे चार गट आहेत: स्पर्शाचं दुखणं, रंग आणि ऊब यांतला फरक, सूज आणि घाम, आणि हालचाल-नखं-केस यांतला बदल. चारपैकी तीन गटांतलं काहीतरी रुग्णाने सांगितलेलं हवं, दोन गटांतलं डॉक्टरला दिसलेलं हवं, आणि दुसरा कोणताही आजार त्याचा खुलासा करणारा नसावा. म्हणजे रुग्णाचं सांगणं हाच निदानाचा अर्धा भाग. मी हे दोनदा विचारून पक्कं करून घेतलं.

मी विचारलं, "मग हे मनाचं नाही ना?" त्यांनी ताबडतोब "नाही" म्हटलं. झोप नसली, भीती असली की दुखणं वाढतं, हे त्यांनी लपवलं नाही. पण त्याने ते खोटं ठरत नाही म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "काकू, तुम्ही गावभागातल्या. आता जरा जोराचा पाऊस लागला की काय करता?" मी म्हटलं, सामान माळ्यावर चढवतो. "पुलाची पातळी बघून की न बघता?" न बघताच. २०१९ला पाणी आलं, २०२१च्या जुलैत पुन्हा आलं, आता कोण बघत बसतंय. ते म्हणाले, तुमच्या हाताच्या नसा तेच करतायत. एकदा फार मोठा पूर पाहिलाय त्यांनी. आता चार थेंब पडले तरी त्या सगळं घर वर चढवतात. हे सांगलीच्या माणसाला यापेक्षा चांगलं कसं समजावणार?

आणखी दोन गोष्टी त्यांनी सांगितल्या, त्या माझ्या मनातून जात नाहीत. माझं जे हाड मोडलं त्याला कोलीसचं फ्रॅक्चर म्हणतात. अब्राहम कोलीस या आयर्लंडच्या शल्यविशारदाने १८१४मध्ये, एक्स-रेचा शोध लागायच्या ८१ वर्षं आधी, नुसतं हाताला हात लावून त्याचं वर्णन केलं. आणि त्यातच लिहून ठेवलं की पुढे केव्हातरी हा हात पूर्ण मोकळा होतो, दुखणं राहत नाही. बहुतेकांचं तसंच होतं. माझं झालं नाही. दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या यादवी युद्धाची. तिथे सायलस वीअर मिचेल नावाच्या डॉक्टरने गोळी लागून नसा दुखावलेले सैनिक तपासले. जखमा भरलेल्या, पण हाताची आग थांबत नाही. ते सैनिक हाताभोवती ओलं फडकं गुंडाळून बसलेले असायचे, फडकं सुकू द्यायचे नाहीत. हे ऐकल्यावर मला रडू आवरेना. चार वर्षं माझ्या मोरीच्या कठड्यावर एक ओला पंचा असायचा. भगभग वाढली की मी तो हाताला गुंडाळायची, कुणी आलं की पटकन काढून टाकायची. दीडशे वर्षांपूर्वी, सातासमुद्रापलीकडे, कुणीतरी तेच करत होतं.

निघताना ते म्हणाले की वेदनांचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२०मध्ये वेदनेची व्याख्या सुधारून मांडली, आणि तिच्या खाली स्पष्ट लिहिलंय की माणूस दुखतंय असं सांगतो त्या सांगण्याचा मान ठेवावा. मी ते मराठीत कागदावर लिहून मागितलं. घरी येऊन ह्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून त्या रात्रीच्या भाकऱ्या त्यांनी केल्या. जाड आणि कडा फाटलेल्या. मी चार खाल्ल्या.

उपचारांचं सांगते. रात्रीच्या गोळ्या सुरू झाल्या. नावं मुद्दाम देत नाही, वय आणि इतर आजार बघून त्या डॉक्टरनेच ठरवायच्या असतात. पहिले पंधरा दिवस तोंडाला कोरड आणि सकाळी गुंगी, मग सवय झाली आणि सलग पाच तास झोप लागायला लागली. पण खरं काम व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने, म्हणजे फिजिओथेरपिस्टने, करून घेतलं. तिने पहिले तीन आठवडे माझ्या हाताला हातच लावला नाही. आधी फक्त फोटो. मुलाने आळीतल्या माणसांच्या हातांचे साठेक फोटो काढले, उलटे, सुलटे, मुठी, पसरलेले पंजे. एकेक बघून पटकन सांगायचं, हा डावा की उजवा. डावा मी लगेच ओळखायची. उजव्याला दुप्पट वेळ लागायचा, मधेच चुकायचा. ती म्हणाली, काकू, मेंदूतलं हाताचं चित्र पुसट झालंय, आधी ते गिरवूया. मग डोळे मिटून भाकरी थापायची, नुसती मनात. हात मांडीवर स्वस्थ. पहिल्या दिवशी मनातल्या तिसऱ्याच भाकरीला खरी आग सुरू झाली. ती म्हणाली, मग दोनच थापा.

त्यानंतर आरसा. ही युक्ती मूळच्या तमिळनाडूतल्या डॉ. विलयनूर रामचंद्रन यांची. हात किंवा पाय कापलेल्या माणसांना नसलेल्या अवयवात जे दुखतं त्यासाठी त्यांनी १९९०च्या दशकात ती काढली. बाजारातून दीड फुटी आरसा आणला, पाटावर उभा केला, उजवा हात त्याच्या मागे दडवला आणि डावा समोर. आरशात बघत डाव्या हाताची मूठ मिटायची, उघडायची. आरशात दिसतो तो उजवा हात, आणि तो सहज हलतोय, काही दुखत नाही. पहिल्यांदा मला मळमळलं, घेरी आल्यासारखं झालं. असं होतं म्हणाली, दोन मिनिटांत थांबा. रोज पाच वेळा, दोन-दोन मिनिटं. महिन्याने आरशामागचा उजवा हातही डाव्याबरोबर हलायला लागला.

स्पर्शाची सवय करायला तिने कापूस, मखमल, टॉवेल असं काय काय सांगितलं होतं. मी तिला म्हटलं, माझ्याकडे माझं सामान आहे. ओळीने पातेली मांडली: कापूस, तांदळाचं पीठ, बारीक रवा, तांदूळ, शेवटी हरभरे. पिठात हात घालायलाच आठवडा गेला. रवा टोचायचा, एकेक कण वेगळा कळायचा. तांदळापर्यंत जायला दोन महिने लागले. ज्या दिवशी कोपरापर्यंत हात तांदळात खुपसून मी आत बोटं हलवली, आणि लागला तो नुसता गार-गार गुळगुळीत तांदूळ, त्या दिवशी मी ते पातेलं मांडीवर घेऊन अर्धा तास बसले होते.

सगळं असं चढतंच गेलं नाही. त्या वर्षीच्या दिवाळीत हात बरा वाटतोय म्हणून चकलीचा सोऱ्या हातात घेतला, दोन किलोच्या चकल्या एका बैठकीत पाडल्या. रात्री हात लालबुंद, आणि पाच दिवस पूर्वीसारखी आग. मला वाटलं सगळं पाण्यात गेलं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, दुखलं म्हणजे बिघडलं असं नाही, दोन पायऱ्या खाली उतरा आणि परत चढा. तेव्हापासून घड्याळ लावते. भाकऱ्या दहा मिनिटं, की हात आपोआप थांबतो, दुखत असो वा नसो. बरं वाटतंय म्हणून पुढे रेटायचं नाही, दुखतंय म्हणून टाकूनही द्यायचं नाही. हे पाळायला मला गोळ्यांपेक्षा जड गेलं.

हे लवकर ओळखलं तर जास्त सुधारतं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. माझी साडेचार वर्षं गेली, म्हणून काही गोष्टी राहणार. मूठ अजून पूर्ण मिटत नाही. थंडीत हात गार पडतोच. आणि आयर्विनचं पाणी ३० फुटांच्या वर गेल्याची बातमी आली की त्या रात्री मुंग्या वाढतात, मी कितीही स्वतःला समजावलं तरी. पण दिवसरात्रीची भगभग गेली. आता आठवड्यातून कधीतरी येते, संध्याकाळी, तासभर. डबे पंचवीस आहेत, त्यातल्या निम्म्या भाकऱ्या माझ्या हातच्या. मोरीच्या कठड्यावरचा पंचा मी अजून काढलेला नाही.

गेल्या श्रावणात जाऊबाई मला कासाराकडे घेऊन गेल्या. मी आधीच सांगितलं, हात दाबायचा नाही. कासारीणबाईंना मी आठवत होते. त्यांनी माझ्या नेहमीच्या दोन-सहाच्या मापाऐवजी दोन-आठच्या हिरव्या बांगड्या काढल्या, हाताला साबणाचं पाणी लावलं आणि माझ्याच डाव्या हाताने एकेक चढवायला लावली. दोन चढल्या. सैल आहेत, हात उंच केला की कोपराकडे सरकतात. संध्याकाळपर्यंत ठेवल्या, मग कातडं चुरचुरायला लागलं तशा काढल्या आणि देवघरातल्या डबीत ठेवल्या. आता मंगळवारी आणि शुक्रवारी घालते, सकाळी आंघोळीनंतर, भाकऱ्यांच्या आधी काढते.